बाबांच्या साइटवर कोण येतं

बाबा वेरूळला गाईड होते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरातून सकाळी निघायचं, बसस्टँडवरून एसटीनं वेरूळ गाठायचं आणि दिवस मावळता परत यायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. इंग्रजी त्यांना कामापुरतं यायचं, जर्मन मोडकंतोडकं, जपानी मात्र चांगलं. आमचं घर बौद्ध. दहाव्या लेण्यात जपानी यात्रेकरू हात जोडून उभे राहिले की बाबाही त्यांच्या शेजारी उभे राहून त्रिसरण म्हणायचे. त्या लेण्याचं छतच असं आहे की म्हणणारा एक असतो आणि ऐकू दहाजण येतात. ते ऐकून रडणारी माणसं मी पाहिलीत, असं बाबा सांगायचे.

गुडघे गेले आणि काम सुटलं. जन्मभर बोलण्यावर पोट भरलेला माणूस घरी बसला आणि त्याला ऐकायला मी आणि आई, दोघीच उरलो. आईनं त्या गोष्टी शेकडो वेळा ऐकलेल्या. बाबा मग टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायला लागले, भाजीतल्या मिठावरून आईशी भांडायला लागले. एकदा तर गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी कैलास लेणं वरून खाली कसं कोरलं ते समजावून सांगितलं. तो बिचारा एका खांद्यावर रिकामं सिलिंडर घेऊन दारात उभा.

त्यावर उपाय म्हणून मी साइट काढली. मी चितेगावला एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. चलनं, गाड्यांच्या वेळा, एक्सेल, एवढंच माझं कॉम्प्युटरचं ज्ञान. पण घरात आणि विहारात माझी ख्याती मोठी होती. कुणाचा मोबाइल अडकला की माझ्याकडे. त्या ख्यातीच्या जोरावर मी व्हिडिओ बघून बघून शिकले, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची जागा, घेतलं आणि बाबांच्या नावाची साइट उभी केली. बाबा मोबाइलमध्ये बोलायचे, मी ते उतरवून नीट करायचे. एकेका लेण्याचं एकेक पान. फोटो भरपूर. जपानीतलं एक पान त्यांनी स्वतः कागदावर काढून दिलं, रांगोळी काढावी तसं एकेक अक्षर.

काही महिन्यांनी होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये मला आकडेवारीचं पान सापडलं. त्यात देशांची यादी होती आणि प्रत्येकापुढे छोटा झेंडा. अमेरिका, जर्मनी, सिंगापूर, नेदरलँड. खाली जपान. मी स्वयंपाकघरात जाऊन ओरडूनच सांगितलं.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "जपान? नीट बघ."

"जपानच आहे बाबा. झेंडा आहे ना."

"किती जण?"

त्या रकान्यावर 'हिट्स' असं लिहिलं होतं आणि आकडा हजारांत होता. मी तो वाचून दाखवला. बाबा आईकडे बघून म्हणाले, "ती म्हातारी असंल बघ. क्योटोची. मला म्हणली होती, मी तुला शोधीन. तिनंच सगळ्याह्यला सांगितलं असंल."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मोबाइलसमोर बसून जपानीत स्वागताचा व्हिडिओ केला. शेवटी हात जोडून कमरेत वाकले. गुडघे दुखत असताना ते इतके खाली कसे वाकले, कोण जाणे. व्हिडिओ मी साइटवर चढवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले, की पायातल्या चपला निघायच्या आत प्रश्न यायचा, "आज किती?" मी मोबाइलवर बघून आकडा सांगायचे. आकडा वाढतच होता. जे बाबा खाली उतरायला कुरकुरायचे, ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरून चौकातल्या हॉटेलात चहाला जायला लागले. तिथं सगळ्यांना त्यांनी सांगितलं. मीही कंपनीत सांगितलं. खोटं बोलतोय असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.

आमच्या विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांनी एका रविवारी ज्येष्ठांचा सत्कार ठेवला आणि त्यात बाबांचं नाव घातलं. मला म्हणाले, "बेटा, तू दोन शब्द बोल अन् ती साइट पडद्यावर दाखव. पोराटोरांना कळू दे, आपला माणूस जगात कुठं पोचला ते."

मी पांढरी साडी नेसून गेले. वंदना झाली. हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत रिटायर झालेली मंडळी, मागं बायका, भिंतीला टेकून तरुण पोरं. मी माइक घेतला आणि आकडेवारीचं पान पाठ केलं होतं तसं म्हणून दाखवलं. चाळीसपेक्षा जास्त देशांतले लोक रोज माझ्या वडिलांचं लिखाण वाचतात, हे वाक्य मी थोडं थांबून म्हटलं, म्हणजे टाळ्या येतील. त्या आल्या. आई मागं पदरानं डोळे पुसत होती.

मग मी साइट उघडली. पडद्यावर पांढरं पान आलं. त्यावर इंग्रजीत एकच ओळ, मोठ्या अक्षरात. हे अकाउंट सस्पेंड करण्यात आलं आहे.

मी पुन्हा क्लिक केलं. तेच पान.

मागून एका पोरानं ती ओळ मोठ्यानं वाचली. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "सस्पेंड? कोण सस्पेंड झालं?" त्या रांगेतल्या प्रत्येकानं सरकारी नोकरी केलेली. त्यांच्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत. साहेब माझ्या शेजारीच उभे होते. ते हळूच म्हणाले, "काय भानगड केली होती काय?" माझ्या हातातला माइक चालू होता. ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं आणि हॉल हसला. वाईट हसणं नव्हतं ते. पण हसला.

माझे कान तापले. हात माउसवर होता आणि मी तो उगाच इकडंतिकडं फिरवत होते. पडद्यावर तो बाण फिरताना सगळ्यांना दिसत होता.

बाबा काठी टेकत उठले. माइकशिवायच बोलले. त्यांना माइक कधी लागला नाही. "चूक माही हाय. मी पोरीला लई फोटो टाकायला लावले. ती नको म्हणत होती. मशीनवर वजन झालं. तिचा काय दोष नाय."

मी कधीच नको म्हटलं नव्हतं. काय झालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं. माझ्यावर ऊन पडतंय असं दिसल्यावर ते मध्ये येऊन उभे राहिले, इतकंच. त्यांना शाल घातली, गुलाबाचं फूल दिलं. ते शाल पांघरून खुर्चीवर बसले आणि पुढचं सगळं होईपर्यंत समोरच्या फरशीकडे बघत राहिले. मी पडदा बंद करायला विसरले होते. साहेबांनी प्रोजेक्टरची वायर ओढली.

घरी आल्यावर आई म्हणाली, "पोहे करते." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी होस्टिंगच्या मदत केंद्राला फोन लावला. एक बाई बोलल्या, आवाज शांत. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या साइटनं सर्व्हरवर फार ताण टाकला. त्याच मशीनवर दुसऱ्यांच्याही साइट आहेत, त्या बंद पडायला लागल्या. म्हणून तुमची थांबवली."

हे मला लगेच समजलं. आमच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी एकच आहे. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि एका घरानं नळ उघडा टाकला की बाकीच्यांच्या बादल्या रिकाम्या. आम्ही नळ उघडा टाकला होता.

"पण आमचे वाचकच खूप आहेत," मी म्हटलं. अजूनही थोडा ताठा होता माझ्यात.

"वाचक नाहीत मॅडम. बॉट्स आहेत, आपोआप फिरणारे प्रोग्राम. रॉ लॉग बघितला का तुम्ही कधी?"

"तो काय असतो?"

त्यांनी समजावलं. साइटवर जे काही येतं त्याची सर्व्हर एकेक ओळ लिहून ठेवतो. मी बघत होते ती नुसती बेरीज होती, झेंडे लावलेली. मूळ ओळी वेगळ्या ठिकाणी असतात, त्या उतरवून घेता येतात. त्यांनी साइट चालू करून दिली आणि त्या बॉट्सना अडवायला सांगितलं. मी आभार मानले. फोन ठेवला तेव्हा समोर डबा उघडा होता आणि शेजारची बाई विचारत होती, "काय गं, घरी सगळे ठीक ना?"

सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबा झोपले असताना मी ती फाइल उतरवून घेतली. साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर कॉम्प्युटर अडकला. मग एक्सेलमध्ये घेतली, रकाने पाडले. हे मात्र मला येत होतं. एका रकान्यात येणाऱ्याचा पत्ता, म्हणजे टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा आयपी. दुसऱ्यात तारीख आणि वेळ. मग कुठलं पान मागितलं ते, ते मिळालं की नाही ते, आणि शेवटी येणारा स्वतःची ओळख काय सांगतो ते. कुणी मोबाइलचं नाव सांगतो, कुणी ब्राउझरचं. आणि बरेच जण स्वच्छ सांगत होते की मी बॉट आहे. लपवाछपवी काहीच नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

एक पान उघडलं की त्यावरच्या प्रत्येक फोटोची वेगळी ओळ पडते, हेही तेव्हा कळलं. कैलासाच्या पानावर तीसेक फोटो. म्हणजे एकदा कुणी ते पान उघडलं की मी बाबांना तीस जण आल्याचं सांगत होते.

मी फिल्टर लावायला बसले. शोधयंत्रांचे बॉट काढले. मजकूर गोळा करत फिरणारे बॉट काढले. लॉगिनचं पान पुन्हा पुन्हा ठोठावणारे होते, दाराची कडी हलवून बघणाऱ्या चोरासारखे, ते काढले. प्रत्येक फिल्टरला ओळी भराभर गळत होत्या. जर्मनी गेला. सिंगापूर गेलं. जपानच्या ओळी मी शेवटपर्यंत ठेवल्या. त्यांच्याकडे नीट बघितलं. सगळ्या एकाच पत्त्यावरून, एका क्षणात सगळी पानं, एकाही पानावर थांबणं नाही. तो पत्ता शोधून बघितला तर कुठल्यातरी डेटा सेंटरचा, म्हणजे नुसती मशीनं ठेवलेल्या जागेचा निघाला. क्योटोची म्हातारी कुठंच नव्हती.

उरलेल्यात एक पत्ता पुन्हा पुन्हा येत होता. तो आमच्याच घरच्या वायफायचा निघाला. रोज कुणीतरी जपानी पान उघडत होतं, व्हिडिओ लावत होतं, काही वेळानं पुन्हा उघडत होतं. आई मोबाइलला हात लावत नाही. मी फक्त आकडेवारीचं पान बघायचे.

मी एक्सेल बंद केलं. आतल्या खोलीतून बाबांच्या घोरण्याचा आवाज येत होता आणि आपण चोरून त्यांचं काहीतरी उघडून बघितलंय असं मला वाटलं. जणू रोज दाढी करून ते पाहुणे आले का बघायला दारात जायचे आणि मी ते लपून बघितलं, अशी ती लाज.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "चालू झाली का साइट? आज किती?"

मी त्यांच्या समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. सोपं करून, पण सगळं.

"म्हंजी जपानवाले?"

"मशीन होतं बाबा."

"मशीन काय करतं वाचून?"

"वाचत नाही ते. उचलून नेतं."

"समदं?"

"सगळं."

"आन आपल्याला इचारत बी नाय." मग म्हणाले, "मी मशीनला वाकून नमस्कार घातला व्हय गं?"

आई मध्ये पडली, "जाऊ द्या आता. नमस्कार घातला तर काय झिजलं?" बाबा मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि टीव्ही लावला. बातम्यांशी भांडले मात्र नाहीत.

"आज किती?" हा प्रश्न त्या दिवसापासून बंद झाला. चौकातला चहाही बंद झाला. कुणी विचारलं की आई सांगायची, गुडघे धरलेत. मी विहारात जायचं टाळायला लागले. एकदा भाजी घेताना साहेब भेटले, "काय, सुटली का सस्पेंशनमधून?" म्हणून हसले. मीही हसले आणि मेथी न घेताच निघून आले.

पण ती फाइल माझ्या डोक्यातून जाईना. बॉट गेले, आम्ही गेलो, तरी काही ओळी उरल्याच होत्या. थोड्या. त्या कुणाच्या? पुढच्या सुट्टीला मी पुन्हा बसले. मोबाइलवरून आलेली माणसं होती ती, बहुतेक आपल्याच राज्यातली. एक पान उघडायची, त्यावर थांबायची, निघून जायची. आणि जवळजवळ सगळ्यांचं पान एकच. ते मी विसरूनच गेले होते. बाबांनी कधीतरी घाईत सांगितलेलं, मी फोटो न लावता खाली टाकून दिलेलं. लेणी मंगळवारी बंद असतात, पाणी कुठं मिळतं, बायकांची सोय कुठं आहे, म्हाताऱ्या माणसांनी कुठल्या लेण्याच्या पायऱ्या चढू नयेत.

वेळ बघितली तर सगळ्या पहाटेच्या. पहाटे कोण संडास शोधतं, मला कळेना. मग लक्षात आलं, सर्व्हरचं घड्याळ परदेशातलं. साडेपाच तास पुढं सरकवल्यावर ती पहाट आपली सकाळ झाली. वार काढले, तर निम्मे मंगळवार.

म्हणजे ही माणसं बंद गेटसमोर उभी होती.

हे बाबांना सांगावं की नाही, यात माझे दोनतीन दिवस गेले. सांगितलं तेव्हा ते चिडले. "कैलासावर मी जीव ओतला. ते कुणी वाचंना, आन संडास वाचायलेत?"

"हो."

"बंद करून टाक मग ती साइट."

मी बंद केली नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही. आठवड्याभरानं जेवताना अचानक म्हणाले, "गेटावर उभं असणाऱ्याला मंगळवारी बंद हाय हे सांगून काय फायदा? ते तर त्याला दिसतंच हाय. त्यानं मंग कुठं जावं ते सांग ना." मी मोबाइल त्यांच्या पुढं धरला. ते बोलत सुटले. घृष्णेश्वर चालत जवळ आहे. तिथून शिवालय कुंड बघा, पायऱ्या उंच आहेत, म्हाताऱ्यांना वर बसवा. खुलताबादला जा. दौलताबादचा किल्ला परतीच्या वाटेवर. जीव ओतलेला नव्हता, वाट सांगितल्यासारखं होतं. शेवटी म्हणाले, "मह्या फोनचा नंबर बी टाक खाली."

फोन यायला लागले. फार नाही. मंगळवारी एखादा. बाबा मंगळवारी फोन उशाशी घेऊन बसायला लागले, ते मला आईनं सांगितलं.

एका मंगळवारी मी रजेवर घरी होते. फोन आला. पलीकडे एक बाई चिडून बोलत होत्या, मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. "तुम्ही लिहिलंय चहाच्या टपरीच्या मागं सोय आहे. इथं टपरीच नाहीये. सासूबाईंना घेऊन आम्ही किती वेळ फिरतोय!"

बाबा उठून उभे राहिले, जणू त्या समोर होत्या. "माफ करा ताई. टपरी हलली असंल. मी लई दिवस झाले गेलो नाय तिकडं. माझं चुकलं. तुम्ही असं करा, घृष्णेश्वरला जा, तिथं होईल सोय. आईंना सावकाश न्या." फोन ठेवून ते तसेच उभे राहिले. "मी चुकीचं सांगितलं," आईला म्हणाले. "जन्मात कुणाला चुकीची वाट सांगितली नव्हती."

चूक माझीही होती, पान मी चढवलं होतं. पण ते मी म्हणाले नाही. म्हणाले, "आपण जाऊन बघून येऊ या का?"

काम सुटल्यापासून ते वेरूळला गेले नव्हते. काठी घेऊन तिथं जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. जे गाईड त्यांच्या हाताखाली शिकले त्यांच्यासमोर लंगडत जायला त्यांना नको होतं. ते मला माहीत होतं, तरी विचारलं. रविवारी सकाळी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

आम्ही रिक्षा ठरवून गेलो. गेटजवळ उतरलो तर जुने गाईड सावलीत उभे होते. एकजण धावतच आला, बाबांच्या पायाला हात लावला. "दादा! लई दिसांनी! कामून आले?"

"टपरी कुठं गेली ते बघायला आलो," बाबा म्हणाले.

सगळे हसले, बाबा हसले नाहीत. मग त्या गाईडनं माझ्याकडं बघितलं. "ताई, दादांची साइट चाळीस देशांत वाचतात म्हणं. आम्ही टुरिस्टला सांगतो ना."

म्हणजे चौकातली गोष्ट इथवर आली होती, आणि इथून पुढं कुठं कुठं गेली होती कोण जाणे. बाबा काठीकडे बघत होते. मला हॉलमधला तो चालू माइक आठवला. या वेळी ते मध्ये येऊन उभे राहायच्या आत मी बोलले.

"नाही काका. ते मशीनचे आकडे होते. मला वाचता आले नाहीत. माणसं थोडीच येतात."

गाईड गोंधळला. "थोडी म्हंजी?"

"मंगळवारची," बाबा म्हणाले. "जी गेटावरून परत जातात ती. चल, ती टपरी दाखव. आन पाण्याचा नळ बी हललाय काय?"

तो पुढं झाला, बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागं. मी थोडं अंतर ठेवून चालत होते. तोंड अजून गरम होतं. बाबा दर थोड्या पावलांनी थांबून मागं वळत होते आणि मला सांगत होते, "लिही. इथून डावीकडं. उतार हाय, म्हाताऱ्याह्यला धरून न्यावं. लिहिलं का?"